घोरणे, झोपेतला श्वासरोध आणि शेजारी झोपणारा साक्षीदार : प्रस्तावना

घोरण्याचा आवाज घोरणाऱ्याला ऐकू येत नाही आणि झोपेत श्वास अडतो तोही ज्याचा अडतो त्याला सहसा कळत नाही. या दोन साध्या गोष्टींमुळे प्रस्तुत विषय वैद्यकातील बहुतेक विषयांहून वेगळा पडतो. ताप, खोकला, छातीतली कळ किंवा सांधेदुखी यांत रुग्ण स्वतःच आपले दुखणे सांगतो आणि डॉक्टर ते ऐकून पुढे तपासतात. येथे मात्र रुग्ण जागेवर असूनही गैरहजर असतो, आणि रात्री काय घडले याची माहिती पत्नीकडे, आईकडे, सुनेकडे किंवा एकाच खोलीत राहणाऱ्या सोबत्याकडे असते. निद्राश्वासरोध, म्हणजे ज्याला दवाखान्यांत 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात तो विकार, वर्षानुवर्षे निदानावाचून राहतो त्याला यंत्रांची टंचाई कारणीभूत आहेच, परंतु त्याआधीचे कारण असे की या साक्षीदाराला कोणी काही विचारत नाही. पुढील विवेचन मुख्यतः याच मुद्द्याभोवती फिरते.

विवेचनाची भूमी पानशेतचे खोरे ही आहे. पुणेकरांच्या स्मरणात पानशेत हे नाव १२ जुलै १९६१ च्या धरणफुटीशी कायमचे जोडले गेले असले, तरी आंबी नदीवरचे हे धरण, त्याच्या शेजारी मोसे नदीवरचे वरसगाव धरण आणि दोन्ही जलाशयांच्या काठांनी विखुरलेली गावे व वाड्या मिळून जो प्रदेश होतो, त्याच्या आरोग्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. वेल्हे तालुका, ज्याला राज्य शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे, २०११ च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार लोकवस्तीचा होता, म्हणजे पुणे जिल्ह्यातील अगदी लहान तालुक्यांपैकी एक. डोंगरउतारावरची भातशेती, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, कमावत्या पुरुषांपैकी अनेकांचे पुण्या-मुंबईत वास्तव्य आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे असे येथील जीवनाचे साधारण चित्र आहे. झोप तपासण्याच्या प्रयोगशाळा पुणे शहरात आहेत, आणि शिरकोलीसारख्या जलाशयाच्या आतल्या बाजूच्या गावातून तेथे एक रात्र काढायला जाणे म्हणजे जाण्यायेण्याचे दोन दिवस, सोबतीचा एक माणूस आणि घरच्या जनावरांची दुसऱ्या कोणाकडे सोय, एवढा सगळा खटाटोप असतो. शहरातल्या वाचकासाठी लिहिलेली पुस्तके हा खटाटोप गृहीतच धरत नाहीत.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत झोपेला गाढ, साखर, कुंभकर्णी अशी विशेषणे आहेत आणि 'डाराडूर' हा तर नादावरूनच बनलेला शब्द वाटतो. परंतु या साऱ्या शब्दांत घोरणे हे सुखाच्या, निश्चिंत झोपेचे लक्षण मानले गेले आहे. दिवसभर चिखलणी करून आलेला माणूस घोरू लागला की घरातल्यांना बरे वाटते, 'दमलाय, लागलाय डोळा' असे म्हटले जाते, आणि आवाज फारच वाढला तर त्याची गोधडी माजघरातून पडवीत जाते. निदानाच्या दृष्टीने ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाही, कारण घोरणाऱ्याला पडवीत पाठवले की घरच्यांची झोप सुधारते आणि त्याच वेळी एकुलता एक साक्षीदारही हरवतो. जुन्या वैद्यकाने मात्र ही खूण पुष्कळ आधी टिपली होती. सुश्रुतसंहितेत स्थूल माणसाची लक्षणे सांगताना अतिनिद्रा आणि क्षुद्रश्वास, म्हणजे थोडक्या श्रमाने लागणारी धाप, यांच्या जोडीला 'क्रथन' हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ श्वास अकस्मात अडणे किंवा झोपेत कंठातून घुरघुर होणे असा केला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायातही अतिस्थूल व अतिकृश देहांची चर्चा आणि निद्रेची चर्चा एकत्रच आली आहे. प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष यातून काढण्याची घाई करू नये. तीन खुणा एकत्र दिसतात एवढे निरीक्षण त्यांनी केले होते, आणि त्या खुणांमागे एकच यंत्रणा आहे हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

युरोपातही ओळख आधी साहित्यात झाली. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा उभ्याउभ्या झोपतो आणि घोरतो. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी तशाच एका रुग्णाचे वर्णन करताना 'पिकविकी लक्षणसमूह' हे नाव वापरले. दिवसाची झोप रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते असा त्या वेळी समज होता. रात्रभर जागून अशा रुग्णांचे श्वसन आणि मेंदूचे विद्युत्-आलेख एकत्र नोंदवण्याचे काम १९६५ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी स्वतंत्रपणे केले, तेव्हा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, त्यामुळे झोप पुन्हा पुन्हा मोडते आणि दिवसाची पेंग ही त्या मोडलेल्या झोपेची वसुली असते हे ध्यानात आले. १९७६ मध्ये क्रिस्तियाँ गिल्मिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला आजचे नाव दिले. मुंबईत १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले आणि डॉक्टरांनी त्यांच्या आजाराचे नाव सांगितले, तेव्हा महाराष्ट्रातील पुष्कळ घरांनी ते प्रथमच ऐकले असावे.

प्रत्यक्षात घडते ते असे. नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जाणाऱ्या घशाच्या भागाला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नसतो. पुढे जीभ, वर मृदू टाळू आणि तिला लोंबणारी पडजीभ, बाजूंना टॉन्सिल व घशाच्या मांसल भिंती अशी ही मऊ नळी जागेपणी स्नायूंच्या ताणावर उघडी राहते. झोप लागताच हा ताण सैलावतो, आणि स्वप्ने पडतात त्या अवस्थेत, जिला डोळ्यांच्या जलद हालचालींवरून ओळखतात, तो सर्वांत कमी होतो. जलाशयाच्या काठी मोटार बसवून वरच्या खाचरात पाणी चढवणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व पुस्तकावाचून ठाऊक असते : मोटारीच्या ओढणाऱ्या बाजूला कडक पाइप लावावा लागतो, कारण तेथे मऊ पाइप लावला तर पाणी ओढले जाताच तो चपटा होऊन चिकटतो, टाकणाऱ्या बाजूला मात्र कापडासारखा लवचीक पाइपही चालतो, कारण आतल्या दाबाने तो फुगलेलाच राहतो. माणसाचा घसा ही ओढणाऱ्या बाजूची मऊ नळी आहे. ती थोडी अरुंद झाली की हवेच्या झोताने टाळू व पडजीभ थरथरतात आणि घोरण्याचा आवाज होतो. ती पुरती चिकटली की आवाजही थांबतो, छाती आणि पोट मात्र श्वास ओढण्यासाठी झटत राहतात, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि अखेर मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायूंना ताण देतो, तेव्हा मोठा आचका किंवा घुरका देऊन श्वास सुटतो. हा जागेपणा काही सेकंदांचाच असल्याने सकाळी त्याची आठवण राहत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्याने लक्ष ठेवायचे ते घोरण्याच्या मोठेपणावर तेवढे नव्हे, जेवढे घोरण्यात मध्येच पडणाऱ्या शांततेवर आणि त्या शांततेच्या शेवटी येणाऱ्या आचक्यावर. पुष्कळ घरांत या शांततेचा अर्थ नेमका उलटा, 'आता थांबला एकदाचा', असा घेतला जातो.

वैद्यकीय व्याख्येनुसार हवेचा प्रवाह नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक घटून किमान दहा सेकंद तसाच राहिला तर तो श्वासरोध, आणि प्रवाह काही प्रमाणात घटून त्यासोबत प्राणवायू उतरला किंवा झोप चाळवली तर तो अल्पश्वसनाचा प्रसंग. दोन्ही प्रकारच्या प्रसंगांची एकूण संख्या झोपेच्या तासांनी भागली की जो आकडा येतो त्याला श्वासरोध-अल्पश्वसन निर्देशांक म्हणतात. सात तासांच्या झोपेत असे २१० प्रसंग घडले तर निर्देशांक ३० होतो. प्रौढांत पाचपर्यंत तो दुर्लक्षणीय, पाच ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात. याखेरीज एक निराळा प्रकार आहे, ज्यात घसा उघडा असतो पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच निघत नाही; हृदय दुर्बल झालेल्या काही रुग्णांत तो आढळतो, त्यात छाती-पोटाची झटापट दिसत नाही, आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

आता प्रमाण किती, या प्रश्नाकडे वळता येईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील नोकरदारांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मध्यमवयीन पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी नऊ टक्के जणांचा निर्देशांक पाच किंवा अधिक होता, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह विकार चार टक्के पुरुषांत व दोन टक्के स्त्रियांत होता. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी केलेले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले काम पायाभूत ठरते. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांनी प्रश्नावली भरून दिली आणि त्यांपैकी २५० जणांची झोप त्यांच्या घरीच रात्रभर नोंदवण्यात आली. निर्देशांक पाचच्या वर असणाऱ्यांचे प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार असणाऱ्यांचे ७.५ टक्के असा अंदाज निघाला. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये देशातील उपलब्ध अभ्यास एकत्र करून भारतीय प्रौढांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के असल्याचे मांडले. या आकड्याने वेल्हे तालुक्याच्या लोकसंख्येला गुणून रुग्णसंख्या काढण्याचा मोह आवरलेला बरा, कारण त्यातील बहुतेक अभ्यास शहरी माणसांचे आहेत, आणि चढउताराच्या वाटा तुडवणाऱ्या माणसाचे शरीर व कार्यालयात बसणाऱ्या माणसाचे शरीर एकाच मापाने मोजता येत नाही.

तथापि ग्रामीण माणूस यातून सुटला आहे असेही म्हणता येत नाही, आणि या ठिकाणी पुणे जिल्ह्यातलेच दोन दाखले उपयोगी पडतात. आफ्रिका व आशियातील आठ देशांत पन्नाशी ओलांडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांना झोपेच्या तक्रारींविषयी विचारणारी एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि भारताकडून तीत शिरूर तालुक्यातील वढू परिसराचा समावेश होता. तेथील लोकांनी सांगितलेल्या गंभीर तक्रारींचे प्रमाण इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा कमी निघाले. यावरून खेड्यातली झोप चांगली असते असा दिलासा घेणे सोपे आहे; परंतु ज्या विकाराचा रुग्णालाच पत्ता नसतो तो विकार रुग्णाला प्रश्न विचारून कसा सापडणार, ही शंका तेथेच उभी राहते. दुसरा दाखला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळे वजनाने सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांहून बरीच लहान, परंतु त्यांच्या शरीरातील चरबीचा वाटा मात्र तुलनेने टिकून राहिलेला असे दिसले, आणि 'दिसायला कृश, आतून चरबीयुक्त' ही भारतीय देहाची कल्पना त्यातून पुढे आली. हे संशोधन मधुमेहासाठी होते, झोपेसाठी नव्हे. तरीही त्याचा एक धडा येथे लागू पडतो : अंगाने सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या मानेत व पोटात चरबी असू शकते, आणि त्यात जबडा लहान किंवा मागे सरकलेला असेल तर वजन फारसे नसतानाही घसा अरुंद होतो. पिकविकच्या लठ्ठ पोराने डॉक्टरांच्या मनावर जे चित्र कोरले, त्याचा तोटा अशा रुग्णांना आजही होतो.

निदानाची सुरुवात प्रश्नांपासून होते, आणि प्रश्न कोठल्या मातीत तयार झाले आहेत हे त्या वेळी विसरता येत नाही. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एपवर्थ मापनश्रेणीत आठ प्रसंग दिलेले असतात आणि प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची असते. एकूण २४ पैकी दहाहून अधिक गुण म्हणजे झोपाळूपणा जास्त. या प्रसंगांत बसून वाचणे, नाट्यगृहात किंवा सभेत बसणे, रहदारीत थांबलेल्या मोटारीत असणे हे येतात. ज्या आजोबांनी कित्येक वर्षांत काही वाचले नाही आणि ज्यांच्या गावात रहदारी थांबण्याचा प्रश्नच येत नाही, त्यांना या प्रश्नांवर शून्य गुण पडतात आणि कागदोपत्री ते टक्क जागे ठरतात. त्यांना कीर्तनात, ग्रामसभेत, पानशेतहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये किंवा गुरांमागे झाडाखाली टेकल्यावर डोळा लागतो का असे विचारले, तर उत्तर निराळे मिळू शकते. टोरांटो येथे २००८ मध्ये तयार झालेली 'स्टॉप-बँग' प्रश्नावली या दृष्टीने अधिक सोयीची आहे. मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का, रक्तदाब, स्थूलता, पन्नाशीपुढचे वय, ४० सेंटिमीटरहून जाड मान आणि पुरुष असणे हे तिचे आठ मुद्दे आहेत, आणि तीन किंवा अधिक 'होय' आले की पुढे तपासावे असा संकेत मिळतो. मानेचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. तिसऱ्या मुद्द्यात तर साक्षीदाराला थेट स्थान आहे, म्हणून ही प्रश्नावली एकट्या रुग्णाकडून भरून घेण्यात अर्थ नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे सारे अधिक अवघड होते. पाळी थांबल्यानंतर त्यांच्यात या विकाराचे प्रमाण वाढते, पण तक्रार घोरण्याची नसते. झोप न लागणे, सकाळी डोके जड असणे, अंग मोडून येणे, मन लागत नाही असे म्हणणे या वाटेने तो बाहेर येतो, आणि कष्टाळू घरात यांतल्या प्रत्येक गोष्टीला दुसरे कारण तयारच असते. शिवाय घरात सर्वांत उशिरा झोपणाऱ्या व सर्वांत आधी उठणाऱ्या बाईच्या झोपेला साक्षीदार कोण, हा प्रश्न उरतोच.

प्रत्यक्ष तपासणीत नाकाचा वाकलेला पडदा, वाढलेले टॉन्सिल, जबड्याची ठेवण आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर घशाचा किती भाग दिसतो हे पाहतात. या शेवटच्या निरीक्षणाची मूळ, तीन पायऱ्यांची प्रतवारी अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ मल्लमपट्टी यांनी १९८५ मध्ये दिली. करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वाडीवाडीत पोहोचला, २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तो घरोघर फिरला, आणि त्यावरील ९७-९८ हा आकडा म्हणजे सारे ठीक असा एक समज पक्का झाला. निद्राश्वासरोधाच्या रुग्णाचा दिवसाचा आकडा सहसा तेवढाच असतो. अर्थ आहे तो रात्रभर सलग नोंद ठेवणाऱ्या यंत्राच्या आलेखाला, ज्यात प्राणवायूची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उतरत-चढत जाते. संपूर्ण तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेचे बहुविध आलेखन, म्हणतात. तीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटीच्या स्नायूचा ताण, हृदयाचा आलेख, नाकातील हवेचा प्रवाह, छाती व पोटावरील पट्ट्यांची हालचाल आणि रक्तातला प्राणवायू हे एकाच वेळी टिपले जाते. पट्ट्या हलत आहेत पण हवा येत नाही, तर अडथळा घशात आहे. पट्ट्याही स्थिर आहेत, तर मेंदूकडून आज्ञा आलेली नाही. यातील मोजकीच साधने असलेला लहान संच घरी नेऊन लावता येतो, आणि ज्यांच्या लक्षणांवरून शंका बळकट आहे व हृदय-फुप्फुसांचा मोठा आजार नाही अशा प्रौढांसाठी तो पुरेसा मानला जातो. मुंबईच्या पाहणीतही नोंदी घरीच घेतल्या होत्या, आणि पानशेतसारख्या भागात पुढचा मार्ग हाच दिसतो : संच गावात यावा, रुग्ण शहरात जाऊ नये. मात्र घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरी नसल्यामुळे माणूस किती वेळ खरोखर झोपला हे कळत नाही आणि विकार प्रत्यक्षाहून सौम्य दिसू शकतो. लक्षणे ठळक असतील तर घरच्या संचाने दिलेला निर्वाळा अंतिम समजू नये.

दुष्परिणामांचा विस्तार येथे करायचा नाही. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी या विकाराचे नाते आहे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे हेही त्याचे लक्षण असू शकते, जे वयावर किंवा साखरेवर ढकलले जाते. तातडीचा धोका मात्र चालकांचा. शनिवार-रविवारी खडकवासल्याकडून धरणाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग आणि पहाटे शहराकडे जाणारी दूध व भाजीची वाहने एकाच अरुंद वळणावळणाच्या रस्त्यावर चालतात, आणि चाकामागे लागलेली पाच सेकंदांची डुलकी तेथे पुरते. (जलाशयाकाठच्या तंबूंत मद्य घेऊन रात्र काढणाऱ्या पाहुण्यांना आपल्या मित्राच्या घोरण्याचा शोध तेथेच लागतो, कारण तंबूला भिंत नसते आणि मद्याने घशाचे स्नायू आणखी सैलावतात, तो शोध हसण्यावारी नेला जातो हे वेगळे.)

उपचारांच्या इतिहासात १९८१ हे वर्ष विलक्षण आहे. तोपर्यंत तीव्र विकारावर खात्रीचा इलाज एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला : नाकावर मास्क बसवून हवेचा सौम्य पण अखंड दाब दिला तर घसा मिटतच नाही. या पद्धतीचे आजचे नाव 'सीपॅप'. सलिव्हन यांनी सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी वापरली होती, आणि पाइपाच्या भाषेत त्यांनी केले ते एवढेच की ओढणाऱ्या बाजूची नळी टाकणाऱ्या बाजूची करून टाकली. हा दाब पाण्याच्या चार ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. दाब पाण्याच्या उंचीने मोजण्याची रीत धरणाच्या गावाला समजावून सांगायला नको. सीपॅप विकार बरा करत नाही, लावलेल्या रात्रीपुरता तो थोपवतो, आणि म्हणूनच तो रोज, झोपेच्या सर्व तासांत वापरणे हाच खरा प्रश्न आहे. हृदय वा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७०० हून अधिक रुग्णांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सीपॅपने झोपाळूपणा व जगण्याची प्रत सुधारली, पण हृदयविकाराचे पुढचे झटके व पक्षाघात कमी झाले नाहीत. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते, हे त्या निष्कर्षासोबतच सांगायला हवे.

पानशेतच्या खोऱ्यात या यंत्राला दोन अडचणी येतात. पहिली किमतीची, कारण ती मजुरीवर जगणाऱ्या घराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी जाते. दुसरी विजेची : धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, पण पावसाळ्यातल्या वादळी रात्री तारा तुटल्या की काठावरच्या वाड्या अंधारात राहतात, आणि मास्क लावलेल्या माणसाचे यंत्र बंद पडते. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असल्याने जीव गुदमरत नाही, परंतु त्या रात्रीची झोप गेली. बॅटरीची सोय यंत्र घेतानाच करावी, ही सूचना शहरातल्या विक्रेत्याकडून सहसा मिळत नाही.

सौम्य विकारात साध्या उपायांना मोल आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर निर्देशांक सुमारे एक चतुर्थांशाने उतरतो, असे विस्कॉन्सिनच्याच पाहणीतून दिसले. ज्यांचा श्वास उताणे झोपल्यावरच अडतो त्यांना कुशीवर झोपण्याचा फायदा होतो, आणि जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची युक्ती हास्यास्पद वाटली तरी उपयोगी आहे. झोपण्यापूर्वीचे मद्य व डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी वर्ज्य. दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन बनवून घेता येते, मात्र त्याला पकडायला दात लागतात, आणि मिश्री-तंबाखूने दात गमावलेल्या पिढीला तो मार्ग बंदच असतो. फुंकवाद्याने घशाचे स्नायू बळावतात, अशा अर्थाचे लहान प्रयोग झाले आहेत : २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील डिजरिडू या वाद्यावर आणि अलीकडे जयपूर येथे शंखावर. सनईवाल्यांना त्याचा आनंद होईल, पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून कोणी यंत्र सोडू नये. वजन घटवणारे टिर्झेपटाइड हे इंजेक्शन स्थूल रुग्णांतील या विकारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्य झाले. त्याची किंमत पाहता या खोऱ्यापुरते ते अजून बातमीचाच विषय आहे.

शस्त्रक्रियेविषयी अधिक सावधपणे बोलावे लागते. 'नाकाचे हाड वाढले आहे, ते काढले की घोरणे थांबेल' अशी समजूत गावोगाव आहे. नाक मोकळे झाल्याने मास्क सुसह्य होतो हे खरे, पण केवळ नाकाच्या शस्त्रक्रियेने श्वासरोध जाणे विरळा. पडजीभ आणि मृदू टाळूचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रियाही १९८१ मध्येच फुजिता यांनी श्वासरोधासाठी मांडली. निवडक रुग्णांत तिचा गुण येतो. तिचा एक धोका मात्र या प्रस्तावनेच्या मूळ मुद्द्याशी जोडलेला आहे : थरथरणारा भागच गेल्यामुळे आवाज थांबतो, जिभेच्या मुळाशी घसा मिटायचा तो मिटतच राहतो, आणि शेजारी झोपणारा साक्षीदार निर्धास्त होतो. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर झोपेची तपासणी पुन्हा करणे अपरिहार्य ठरते. घोरणे बंद करणारे थेंब, नाकातल्या क्लिपा व पट्ट्या यांच्या जाहिरातींनाही हाच आक्षेप लागू होतो. त्या आवाजाशी झगडतात, श्वासाशी नव्हे.

मुलांचा विचार या विषयात स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण प्रौढांचे जवळजवळ कोणतेच माप त्यांना लागत नाही. त्यांच्यात तासाला एक प्रसंगही असाधारण मानतात, त्यांना दिवसा पेंग येण्याऐवजी चंचलपणा येतो, आणि कारण बहुधा टॉन्सिल व नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढण्याचे असते, ज्या काढल्यावर बहुतेक मुले सुधारतात. तोंड उघडे टाकून झोपणारे, झोपेत घामाने भिजणारे, मान मागे टाकून विचित्र स्थितीत पडणारे, मोठे होऊनही अंथरूण ओले करणारे आणि वर्गात 'लक्ष नसते' असा शेरा मिळालेले मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहत असेल, तर त्याच्या झोपेचा साक्षीदार त्याच्याच वयाचा, शेजारच्या अंथरुणावरचा मुलगा असतो. शालेय आरोग्यतपासणीत दात, डोळे व वजन पाहिले जाते. त्याच रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलाला 'हा रात्री घोरतो का, मध्येच गप्प होऊन दचकतो का' एवढे विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही.